वाइनवर यूव्ही दिवा: केपच्या हंगामात केलेलं काम

वाइन टिकवायची म्हटलं की सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते आणि साठवतात तिथे, पहिलं नाव निघतं सल्फरचं. म्हणजे केएमएस, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वाइनमध्ये पडलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो एकाच वेळी दोन कामं करतो, जंतू आणि नको असलेलं यीस्ट आवरतो आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वाइनला वाचवतो. हे दोन कामांचं नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

मी निफाडचा. आमच्याकडची द्राक्षं उन्हात भराभर गोड होतात पण आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, पीएच वर जातो, आणि पीएच वर गेला की सल्फरचा जोर कमी होतो. व्हाइट वाइनला लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम मॉलिक्युलर एसओटू, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा जंतूंवर खरा चालणारा भाग, लागतो असं धरलं तर पीएच 3.2 ला फ्री सल्फर, म्हणजे वाइनमध्ये मोकळं असलेलं, साधारण 20 पीपीएम (लिटरला 20 मिलिग्रॅम) पुरतं, 3.4 ला 32 लागतं, आणि पीएच 3.8 वर गेला की जवळजवळ 80. एवढं सल्फर टाकलं तर ग्लास नाकाजवळ नेला की काडेपेटीचा वास येतो आणि टाकलं नाही तर वाइन जंतूंच्या तावडीत. नाशिकमध्ये काम करताना हे गणित मी रोज करायचो आणि रोज वाटायचं की जंतू मारण्याचं काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवता आलं तर सल्फर थोडं तरी कमी करता येईल.

म्हणून 2023 चा हंगाम करायला मी दक्षिण आफ्रिकेत केप भागातल्या स्टेलनबॉशला गेलो तेव्हा त्या सेलरमध्ये यूव्ही युनिट, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाने जंतू आवरणारं यंत्र, ट्रायलला आलंय हे कळल्यावर मी वाइनमेकर बाईंकडे जाऊन सरळ सांगितलं की मला त्याच्यावरच लावा, द्राक्षं पिळायच्या प्रेसवर नाही लावलंत तरी चालेल. त्या म्हणाल्या, प्रेसवर पण लावीन, त्यानंतर वेळ राहिला तर युनिट तुझं. आणि तसंच झालं, दिवसभर द्राक्षं आणि संध्याकाळी यूव्ही. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, या कामातली वाइन ट्रायलची होती, वेगळ्या टँकमध्ये, वेगळ्या नोंदवहीत, विकायला जाणारी नव्हती.

केपमध्ये हे काम बघायला मिळालं याचं मला विशेष वाटतं कारण 2011 साली स्टेलनबॉश विद्यापीठातल्या संशोधकांनी द्राक्षरस आणि वाइन दोन्हीवर यूव्हीचं काम छापलं होतं, आणि शिवाय तिथली सगळ्यात जास्त लागवडीची द्राक्षाची जात म्हणजे व्हाइट वाइनची शेनिन ब्लाँक, जी आपल्या नाशिकमध्येही भरपूर आहे. म्हणजे तिथे शेनिनवर जे बघितलं ते इकडे येऊन कामाला लागणार होतं.

आता दिव्याबद्दल. यूव्ही म्हणजे अतिनील किरण, त्यातला यूव्ही-सी हा भाग, आणि त्यातही 254 नॅनोमीटर. लो प्रेशर मर्क्युरी दिवा बहुतेक यूव्ही याच तरंगलांबीला देतो आणि नेमकं याच्या आसपासच जंतूंचं डीएनए प्रकाश शोषून घेतं. डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी असलेले थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात, मग पेशीला स्वतःची नक्कल काढता येत नाही. पेशी फुटत नाही, विरघळत नाही, ती तिथेच असते पण तिची वाढ थांबते. पाण्यासाठी ही पद्धत फार जुनी आहे, फ्रान्समध्ये मार्सेलला 1910 सालीच पिण्याच्या पाण्यावर वापरली होती, आणि आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर लटकलेल्या अ‍ॅक्वागार्डमध्येही असाच दिवा असतो.

मग वाइनमध्ये अडचण काय, तर वाइन म्हणजे पाणी नाही. स्वच्छ पाण्यातून 254 चा प्रकाश एक सेंटीमीटर गेला तरी बराचसा शिल्लक राहतो. वाइनमधले फिनॉल, रंगद्रव्यं, टॅनिन हा प्रकाश खाऊन टाकतात. लॅबमध्ये फिनॉल मोजायला आपण 280 नॅनोमीटरला शोषण, म्हणजे एक सेंटीमीटर वाइन किती प्रकाश खाते ते, बघतो, व्हाइट वाइनचं साधारण 5 ते 10 येतं आणि रेडचं 40-60 पर्यंत सहज जातं, 254 लाही चित्र याच्यापेक्षा फार वेगळं नाही. शोषण 50 म्हणजे काय, तर वाइनच्या प्रत्येक 0.2 मिलिमीटरला प्रकाश दहापट कमी होतो. अर्धा मिलिमीटर आत गेलं की तिथे जवळजवळ अंधार. त्यामुळे टँकवर दिवा लावून ठेवला, पारदर्शक पाइपच्या बाजूने ट्यूबलाइट बसवली असले घरगुती उपाय जे सुचतात ते वाइनमध्ये अजिबात चालत नाहीत, आणि साधी काच तर 254 चा प्रकाश अडवतेच, त्यासाठी क्वार्ट्झच लागतं.

त्यावर युनिटमध्ये उपाय असा होता. स्टीलच्या लांब नळ्या, प्रत्येक नळीच्या मधोमध क्वार्ट्झची नळी, तिच्या आत दिवा. वाइन स्टील आणि क्वार्ट्झ यांच्या मधल्या अरुंद फटीतून जाते, आणि स्टीलची आतली बाजू सपाट नाही, तिच्यावर पिळाच्या वळ्या आहेत, त्यामुळे वाइन सरळ न जाता गरगर फिरत घुसळत जाते. सगळा खेळ या घुसळण्यात आहे. प्रकाश वाइनच्या आत शिरत नसेल तर वाइननेच पुन्हा पुन्हा क्वार्ट्झजवळ यायला हवं, प्रत्येक थेंबाने. अमेरिकेत 2000 साली फळांच्या रसासाठी यूव्हीला मान्यता दिली तेव्हा प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे घुसळणारा, असला पाहिजे, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती घुसळतो ते सांगणारा आकडा) किमान 2,200, ही अट नियमातच लिहिली ती यामुळेच.

आणि इथे नवीन माणसाला हमखास एक गोष्ट सुचते, की डोस कमी पडतोय ना, मग पंप हळू करा, वाइन दिव्यासमोर जास्त वेळ राहील. कागदावर डोस वाढतो पण, लिटरमागे जास्त जूल दिसतात. प्रत्यक्षात प्रवाह संथ झाला की घुसळणं थांबतं, वाइनचे थर एकावर एक सरकायला लागतात, क्वार्ट्झला लागून असलेला थर भाजून निघतो आणि बाहेरच्या थराला प्रकाश दिसतच नाही. त्यामुळे पंपाचा वेग ठरलेला तेवढाच ठेवायचा, डोस वाढवायचा असेल तर फेऱ्या वाढवायच्या. युनिट बसवून देणाऱ्या टेक्निशियनने हे पहिल्याच दिवशी पंपाच्या डायलवर मार्करने रेघ मारून सांगितलं, या रेघेच्या खाली यायचं नाही.

डोसचं गणित एकदा बसलं की सोपं आहे. एका दिव्यातून यूव्ही-सी बाहेर पडतो साधारण 25 वॉट, म्हणजे सेकंदाला 25 जूल. पंप तासाला 4,000 लिटर, म्हणजे सेकंदाला 1.1 लिटर. भागाकार केला की एका दिव्यामागे लिटरला साधारण 23 जूल. दहा दिवे असतील तर एका फेरीत 230, चाळीस दिव्यांना 900 च्या वर. विद्यापीठाच्या त्या कामात सगळ्यात मोठा डोस लिटरला 3,672 जूल होता, म्हणजे छोट्या युनिटवर तिथपर्यंत पोचायचं तर कितीतरी फेऱ्या.

फेऱ्यांचंही एक आहे. एकाच टँकमधून वाइन काढायची आणि त्याच टँकमध्ये परत सोडायची हे सोयीचं वाटतं, एकच टँक अडकतो, होज पण दोनच. पण परत आलेली वाइन न गेलेल्या वाइनमध्ये मिसळत राहते. टँकच्या घनफळाइतकी वाइन पंपाने फिरवली तरी हिशोबाने 37 टक्के वाइन एकदाही दिव्यासमोर गेलेली नसते, आणि काही वाइन मात्र दोन-तीनदा जाऊन आलेली. जंतूंच्या बाबतीत हे चालत नाही, कारण न गेलेल्या त्या भागातले जंतू नंतर सगळ्या टँकमध्ये वाढणारच. म्हणून आम्ही टँक ते टँक करायचो, पहिला पूर्ण रिकामा, तो धुवायचा, मग दुसऱ्यातून परत पहिल्यात. वेळ जातो, पाणी जातं, मध्यरात्र होते पण डोस खरा मिळतो.

सुरुवात शेनिनच्या तयार वाइनने केली, आधीच्या वर्षाची, टँकमध्ये शांत बसलेली. पहिलं काम गाळणं. वाइनमध्ये मेलेलं यीस्ट, टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) कण तरंगत असले की त्यांच्या सावलीत जंतू बसतात आणि प्रकाश त्यांच्यावरून निघून जातो. टर्बिडिटी मीटरवर एनटीयू (गढूळपणाचं माप) एक-दोनपर्यंत येईस्तोवर दिवा लावायचाच नाही हे बाईंनी ठरवून दिलं होतं. दुसरं काम तापमान. शेनिन थंड टँकमध्ये असते आणि लो प्रेशर मर्क्युरी दिवा सगळ्यात चांगला चालतो तो त्याच्या काचेचं तापमान 40 अंशांच्या आसपास असताना, बाहेरून बर्फासारखी वाइन गेली की दिव्याचा यूव्ही कमी होतो. त्यामुळे पॅनलवरचा यूव्ही सेन्सरचा आकडा बघत बसायचं, तो ठरलेल्या रेघेच्या खाली गेला की थांबायचं. दिवे लावल्यावर पहिली काही मिनिटं नळ्यांमधून पाणी फिरवायचं, आकडा स्थिर झाला की मगच वाइन सोडायची, आणि वाइन आल्यावर सुरुवातीची पाणीमिश्रित वाइन गटारात.

2023 च्या फेब्रुवारीत तिथे लोडशेडिंग कळसाला होतं, स्टेज 6, दिवसातून कितीतरी वेळा लाइट जायची. लोडशेडिंग म्हणजे काय हे निफाडच्या माणसाला शिकवायला नको, रात्री बागेची मोटर चालू करायला उठण्यात आमचं बालपण गेलं. जनरेटर होता पण तो चिलर आणि प्रेससाठी आधी. यूव्हीच्या कामात लाइट जाणं फार वाईट कारण दिवा बंद होतो तेव्हा नळ्यांमध्ये असलेली आणि पंप थांबेपर्यंत पुढे सरकलेली वाइन न मारलेले जंतू घेऊन स्वच्छ टँकमध्ये जाऊ शकते. त्यासाठी युनिटला इंटरलॉक होता, दिवा बंद पडला की झडप आपोआप फिरते आणि वाइन पुढे न जाता सुरुवातीच्या टँककडे वळते. ही झडप स्प्रिंगची होती, वीज नसताना स्प्रिंगच तिला परतीच्या बाजूला ढकलते. माझ्या मते यूव्ही युनिट विकत घेताना दिव्यांच्या संख्येच्याही आधी विचारायचा प्रश्न हा आहे, वीज गेली की झडप कुठे जाते. लाइटचं वेळापत्रक फोनवर बघूनच आम्ही फेरी चालू करायचो, मधे जाणार असेल तर चालूच करायची नाही.

मग लॅब. वाइन दिव्यातून जाण्याआधी आणि गेल्यावर नमुना, जंतू वाढवायच्या प्लेटवर लावायचा, उबवायचा आणि वसाहती मोजायच्या. शेनिनचा निकाल बघून सगळे खूश झाले. आधीच्या नमुन्यात प्लेटभर पांढरे ठिपके, मोजायला पातळ करावं लागत होतं, आणि हजार जूलच्या आसपासच्या डोसला प्लेट जवळजवळ कोरी. बॅक्टेरिया आधी गेले, यीस्टला जास्त डोस लागला.

पण एका फेरीत विचित्र झालं. युनिटच्या बाहेरच्या तोंडाचा नमुना कोरा आणि तीच वाइन ज्या टँकमध्ये जमा झाली त्या टँकच्या नमुन्यात यीस्ट. लॅबमधली मुलगी म्हणाली की टँक नीट धुतला नसेल, टँकचा स्वॅब घेतला तर तो स्वच्छ निघाला. मग युनिटपासून टँकपर्यंतची एकेक जोडणी उघडत गेलो. एका कपलिंगच्या रबरी गॅस्केटला आतल्या बाजूने केसाएवढी चीर होती, नखाने दाबल्यावर त्यातून बुळबुळीत करडा लगदा बाहेर आला. सीआयपीचं, म्हणजे नळ्या न उघडता आतून धुण्याचं, गरम पाणी वरून जात होतं, चिरेत पोचत नव्हतं. गॅस्केट बदललं, पुढच्या फेरीत टँकही कोरा.

हे मी इतकं लांबवून सांगतोय कारण सल्फर आणि यूव्हीमधला खरा फरक त्या गॅस्केटमध्ये दिसला. सल्फर वाइनमध्ये राहतं, पुढे होजमध्ये, फिलरमध्ये, बाटलीत, बूचाजवळ कुठेही जंतू आला तरी ते तिथे हजर असतं. दिव्याचं काम वाइन त्याच्यासमोरून जाते तेवढ्या क्षणाचं, त्यानंतर वाइनमध्ये त्याचं काही शिल्लक राहत नाही. ज्यांना वाइनमध्ये काही टाकायचं नाही त्यांना हा गुण वाटतो आणि तो आहेच, पण त्याची किंमत अशी की दिव्यानंतरची प्रत्येक गोष्ट निर्जंतुक असायला हवी. म्हणून दिवा लावायचा तो बॉटलिंगच्या अगदी तोंडाशी, आणि ज्या सेलरची साफसफाई आधीच काटेकोर आहे त्यांनीच. अस्वच्छ सेलरला यूव्ही वाचवू शकत नाही.

नंतर पिनोटाजकडे वळलो. ही केपची स्वतःची रेड वाइनची जात, 1925 साली स्टेलनबॉशमध्येच पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी पिनो न्वार आणि सॅन्सो यांच्या संकरातून काढलेली. निवडलेला टँक मुद्दाम संशयातला होता, त्यात ब्रेट होतं. ब्रेट म्हणजे ब्रेटानोमायसिस, रेड वाइनच्या माणसाची झोप उडवणारं यीस्ट, बॅरलच्या लाकडात मुरून बसतं आणि वाइनला गोठ्याचा, घोड्याच्या घामाचा, बँडेजपट्टीचा वास देतं. हा टँक मी बघायला अधीर होतो कारण आपल्याकडच्या जास्त पीएचच्या रेडमध्ये ब्रेटला मोकळं रान मिळतं.

रेडमध्ये सगळंच जड गेलं. शेनिनला जो डोस पुरला त्याने पिनोटाजमध्ये जंतू कमी झाले, संपले नाहीत. ब्रेटची प्लेट लगेच बोलत नाही, ते इतकं हळू वाढतं की आठवडा, कधी दहा दिवस थांबावं लागतं, चौथ्या दिवशी प्लेट कोरी बघून समाधान मानलं की फसलात. शेवटी छोटे मळकट पांढरे ठिपके उगवले आणि झाकण उघडल्यावर वास आला तो ओळखीचाच. डोस वाढवत गेलो तेव्हा कुठे ते आवाक्यात आलं, पण तेवढ्या फेऱ्या म्हणजे तेवढे पंप, तेवढी हवा लागण्याची भीती, तेवढा वेळ. आणि ब्रेटने आधीच सोडलेला वास यूव्हीने जात नाही. जंतू थांबतो, त्याने बनवलेलं 4-इथाइलफिनॉल वाइनमध्ये तसंच राहतं. म्हणजे वास आल्यावर दिवा लावून काही उपयोग नाही, प्लेटवर दिसलं की लगेच लावायला हवा.

पिनोटाजनंतर क्वार्ट्झच्या नळ्या बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरल्या तेव्हा त्यांच्यावर फिकट जांभळट पापुद्रा दिसला, रंगद्रव्य आणि टार्टरेटचा, बोट फिरवलं तर खरखरीत. डोळ्याला तो अगदी पातळ वाटतो पण 254 साठी तो पडदाच असतो. कोमट सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये मऊ कपड्याने एकाच दिशेला पुसायचं, कारण क्वार्ट्झवर चरे पडले तर पुढचा थर तिथेच आधी बसतो. मग पाणी, मग पुन्हा उजेडात धरून बघायचं. हे काम मला मनापासून आवडायचं, सगळ्या हंगामाच्या धावपळीत तेवढा एक तास शांत जायचा. नळीत तडा आहे का हेही याच वेळी तपासायचं, आतल्या दिव्यात पारा असतो, थोडा असला तरी वाइनजवळ नको.

एवढं झाल्यावर चवीचा प्रश्न, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच. प्रकाशाने वाइन बिघडते हे जुनंच आहे, पांढऱ्या काचेच्या बाटलीतली व्हाइट दुकानात ट्यूबखाली ठेवली की वाइनमधलं रायबोफ्लेविन (बी2 जीवनसत्त्व) प्रकाश घेतं, मेथिओनिन या अमिनो आम्लाशी भांडतं आणि उकडलेल्या कोबीसारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास सुटतो. त्यासाठी जबाबदार प्रकाश मुख्यतः 370 आणि 440 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, 254 त्याहून वेगळा, पण म्हणून 254 वाइनला काहीच करत नाही असं नाही, डोस वाढला की तोही वास काढतो. आम्ही ट्रँगल टेस्ट लावली. तीन काळे ग्लास, दोन सारखे आणि एक वेगळा, वेगळा कोणता ते ओळखायचं. काळे अशासाठी की रंग बघून अंदाज बांधता येऊ नये. सेलरमधले सगळे बसले, फोर्कलिफ्टवाले काकासुद्धा, आणि त्यांचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तयार निघालं.

प्लेट कोरी करायला पुरेल इतक्या डोसची शेनिन कोणाला खात्रीने ओळखता आली नाही, अंदाजपंचे तिनातून एकदा बरोबर येतं तितकंच आलं. डोस त्याच्या दोन-तीन पट केला तेव्हा मात्र बहुतेकांनी ओळखली, फळाचा वास मागे गेलेला, पेरूची जी ताजी झाक शेनिनला असते ती बोथट झालेली आणि मागून तो पुठ्ठा. पिनोटाजमध्ये मोठा डोसही इतका जाणवला नाही, टॅनिन आणि रंग स्वतःच प्रकाश खातात ते इथे फायद्याचं ठरलं. म्हणजे व्हाइटमध्ये जंतू सहज जातात पण चव लवकर दुखावते, रेडमध्ये चव टिकते पण जंतू हटत नाहीत. ज्याने त्याने आपल्या वाइनसाठी मधली जागा शोधायची.

आता सल्फर. शेनिनचे तीन भाग केले होते, एकात नेहमीसारखं सल्फर, दुसऱ्यात यूव्ही आणि निम्मं सल्फर, तिसऱ्यात यूव्ही आणि सल्फर जवळजवळ नाहीच. तिसऱ्याकडून मला मोठी आशा होती. जंतूंच्या दृष्टीने तो शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. पण काही महिन्यांनी बाईंनी पाठवलेल्या फोटोत तीन ग्लास शेजारी शेजारी होते आणि तिसऱ्याचा रंग सोनेरीच्या पुढे तपकिरीकडे झुकला होता, वासही कापून ठेवलेल्या सफरचंदाचा असं त्यांनी लिहिलं. जंतू नव्हते, ऑक्सिजन होता. सल्फरचं दुसरं काम कोणीच केलं नव्हतं. निम्म्या सल्फरचा भाग मात्र छान राहिला, त्यांच्या मते तिन्हींत सगळ्यात मोकळा वास त्याचा.

म्हणून यूव्हीने सल्फर बंद करता येतं असं जो म्हणेल त्याला माझं सांगणं, जंतूंच्या वाटणीचं सल्फर कमी करता येतं, ऑक्सिजनच्या वाटणीचं नाही. आणि यीस्ट स्वतःही आंबवताना थोडं सल्फर डायऑक्साइड बनवतं, त्यामुळे लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर सल्फाइट लिहावं लागतं ते बहुतेक वेळा तसंही लिहावंच लागणार.

सुरक्षेचं राहिलंच. यूव्ही-सी डोळ्याला दिसत नाही, दिव्याचा जो निळसर उजेड दिसतो तो वेगळा. उघड्या दिव्याकडे थोडा वेळ जरी बघितलं तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, वेल्डिंगवाल्यांना होतं तेच, आणि कातडी भाजते. झाकण उघडलं की दिवा बंद होणारा स्विच युनिटवर असतो, तो तार लावून बायपास करायचा नाही, कितीही घाई असली तरी.

एका रविवारी घरी फोनवर हे सगळं अण्णांना सांगत होतो. अण्णांचा बागेतला सगळा जन्म भुरीवर, म्हणजे द्राक्षाच्या बुरशीरोगावर, गंधक मारण्यात गेलेला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वाइनमधलं गंधक कमी करतोय ते ठीकंय रे, पण त्या दिव्यानं बागेतली भुरी जाती का ते बघ आधी." मी म्हटलं, "अण्णा, जाती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी बघितलंय, रात्री दिवे लावलेलं यंत्र बागेतून फिरवतात." रात्रीच का, तर यूव्हीने दुखावलेली पेशी दिवसाच्या निळ्या उजेडात आपलं डीएनए दुरुस्त करून घेते, रात्री अंधारात तिला ते जमत नाही. वाइनमध्येही हे लागू आहे, दिव्यातून आलेली वाइन लगेच बंद स्टीलच्या टँकमध्ये जायला हवी, उजेडातल्या काचेच्या मोठ्या बाटलीत (कार्बॉयमध्ये) नको. अण्णा म्हणाले, "मग रात्री लाइट असायला पाहिजे ना बाबा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी परत नाशिकला आहे आणि शेनिन आणि रेडची शिराझ दोन्ही हाताखालून जातात. मला यूव्ही दोन ठिकाणी बसवून बघायचाय. एक, कमी सल्फरच्या शेनिनला बॉटलिंगच्या आधी, फिल्टरनंतर, निम्म्या सल्फरसोबत. दुसरं, एखाद्या शिराझच्या टँकच्या प्लेटवर ब्रेट दिसायला लागलं पण वास अजून आला नाही अशा वेळी. द्राक्षरसावर आंबवण्याआधी लावायचा मोह होतो, रानटी यीस्ट घालवायला, पण आपला रस इतका गढूळ असतो की आधी तो नीट बसवून गाळावा लागेल आणि तेवढ्यात गरम हवेत आंबायला लागेल, त्यापेक्षा थंड करून पटकन आपलं यीस्ट टाकलेलं बरं. विकायच्या वाइनवर वापरण्याआधी नियम आणि परवानगी तपासावी लागेल, निर्यात करणार असाल तर ज्या देशात जाणार तिथलीही, कारण रसाला चालतं ते वाइनला चालेलच असं नाही.

आणि कोणी सुरू करणार असेल तर युनिटची चौकशी नंतर करा, आधी स्वतःच्या प्रत्येक टँकचं 254 नॅनोमीटरचं शोषण मोजा. स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र) आणि क्वार्ट्झचा क्युव्हेट, म्हणजे नमुना धरायची छोटी चौकोनी नळी, लागतो, प्लास्टिकचा चालत नाही. वाइन पातळ करायची, व्हाइटला दहापट आणि रेडला शंभरपट, आलेला आकडा परत तितक्याने गुणायचा. आमच्या टँकांचं हे मोजणं सध्या चालू आहे, शेनिन झाली, शिराझ गाळून झाली की तिचं घेतो.